अनिश्चिततेचे तत्त्व : धक्का लागतो म्हणून कळत नाही, की मुळात नसतेच?

दहिसरकर
शुक्रवार, रात्री ९.१०

माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञानला आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात अणुरचनेच्या प्रकरणात हायझेनबर्गचे अनिश्चिततेचे तत्त्व येते. कणाचे स्थान आणि त्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे सांगता येत नाहीत, आणि दोहोंतील अनिश्चिततांचा गुणाकार 'एच भागिले चार पाय' (एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक) या संख्येच्या खाली जाऊ शकत नाही, असे ते सांगते. क्लासमधल्या सरांनी त्याचे कारण असे दिले की, इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्याच्यावर प्रकाश पाडावा लागतो, प्रकाशकणाचा धक्का बसला की इलेक्ट्रॉन हलतो, आणि म्हणून जागा कळेपर्यंत त्याचा संवेग बदललेला असतो.

मुलीने घरी येऊन जेवताजेवता विचारले, "बाबा, आपण पाहिलेच नाही तर धक्काही बसणार नाही. म्हणजे तेव्हा त्याला जागाही असते आणि संवेगही असतो, फक्त आपल्याला ठाऊक नसतो. बरोबर ना?" मी वाणिज्य शाखेचा माणूस, ताळेबंदाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत तर चूक शोधायची, एवढेच मला शिकवलेले आहे. मला तिचे म्हणणे पटले, आणि पटले म्हणूनच शंका आली की, मग या तत्त्वाचा एवढा गाजावाजा कशासाठी? धक्क्याचे स्पष्टीकरण बरोबर आहे का, आणि परीक्षेत दोन गुणांसाठी तिने काय लिहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

स्लो_ट्रॅक
शुक्रवार, रात्री ९.३२

ज्याला अंधेरीला उतरायचे असते आणि जो चुकून विरार गाडीत चढलेला असतो, त्याला हे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. त्याची जागा एकदा पक्की झाली की संवेग कोणत्या दिशेने असावा, हे मागची माणसे ठरवतात.

गंमत सोडून सांगतो. मला महाविद्यालयात छायाचित्राचे उदाहरण दिले होते आणि ते अजून आठवते. फलाटावर उभे राहून जलद गाडीचे छायाचित्र काढा. झडप क्षणभरच उघडली तर डबा कुठे आहे ते स्पष्ट दिसते, पण तो धावतो आहे की उभा आहे ते कळत नाही. झडप जास्त वेळ उघडी ठेवली तर पट्टा उमटतो. त्याच्या लांबीवरून वेग काढता येतो, पण डबा नेमका कुठे होता ते सांगता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तत्त्व एवढेच आहे.

शंकासूर
शुक्रवार, रात्री ९.५१

स्लो_ट्रॅक, उदाहरण छान आहे, पण नेमक्या विवाद्य मुद्द्यावरच ते फसते. गाडीला जागाही असते आणि वेगही असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या अंतराने दोन छायाचित्रे काढा, दोन्ही गोष्टी हव्या तितक्या अचूक मिळतील. तुमच्या एका छायाचित्रात जे मावले नाही ते दुसऱ्यात मावते. दहिसरकरांच्या मुलीचा प्रश्नच असा आहे की, इलेक्ट्रॉनच्या बाबतीत असे 'दुसरे छायाचित्र' तत्त्वतः का असू नये? त्याचे उत्तर या दृष्टान्तात नाही.

अपूर्णांक
शुक्रवार, रात्री ११.०५

मी पदवीच्या वर्गाला पदार्थविज्ञान शिकवते, आणि दरवर्षी हा प्रश्न एखादाच विद्यार्थी विचारतो. अकरावीत विचारणाऱ्या मुलीचे कौतुक वाटले.

धक्क्याची गोष्ट स्वतः हायझेनबर्गनेच १९२७ च्या लेखात सांगितलेली आहे, त्यामुळे क्लासच्या सरांना एकदम मोडीत काढू नये. मात्र पुस्तकात जे सूत्र छापलेले आहे, त्याची गणिती सिद्धता त्याच वर्षी केनार्ड याने दिली, आणि त्या सिद्धतेत धक्क्याचे नावही नाही. सूत्रातल्या 'अनिश्चितता' या शब्दाचा अर्थ काय, तेवढे नीट पाहिले की गोंधळ बराच कमी होतो.

एकाच यंत्रातून, एकाच रीतीने तयार केलेले वीस हजार इलेक्ट्रॉन आपल्याकडे आहेत असे समजा. त्यांपैकी दहा हजारांचे फक्त स्थान मोजा आणि आकडे एका वहीत लिहा. उरलेल्या दहा हजारांचा फक्त संवेग मोजा आणि ते आकडे दुसऱ्या वहीत लिहा. वर्गातल्या मुलांच्या गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, जसे काढतात, तसे प्रत्येक वहीतील आकड्यांचे काढा. या दोन विचलनांचा गुणाकार एच भागिले चार पायपेक्षा लहान येणार नाही, यंत्र कितीही उत्तम असले तरी. सूत्र म्हणते ते एवढेच.

आता पाहा, यात कोणत्याही एका इलेक्ट्रॉनवर दोन मोजमापे झालेलीच नाहीत. ज्याची जागा पाहिली त्याचा संवेग कोणी विचारला नाही, आणि ज्याचा संवेग पाहिला त्याच्या जागेला कोणी हात लावला नाही. पाहण्यामुळे बिघडण्याजोगे काही उरलेलेच नाही, आणि तरीही मर्यादा शिल्लक राहते. म्हणजे तिचे मूळ पाहण्यात नसून इलेक्ट्रॉन ज्या अवस्थेत तयार झाले त्या अवस्थेत आहे.

शंकासूर
शनिवार, सकाळी ७.४०

दोन वह्यांची कल्पना आवडली, पण मी इतक्यात हार मानणार नाही. तुमचे वीस हजार इलेक्ट्रॉन मुळात सारखे नव्हतेच, असे का म्हणू नये? यंत्रातून कोणी थोडा डावीकडून निघाला, कोणी उजवीकडून. कोणी सावकाश, कोणी वेगाने. आकडे पसरणारच. यंत्र सुधारले की पसारा कमी होईल.

अपूर्णांक
शनिवार, सकाळी ८.१५

स्थानाचा पसारा हवा तितका कमी करता येतो. संवेगाचाही, हवा तितका. पण एक आवळला की दुसरा फुगतो, आणि दोन्ही एकदम आवळणारे यंत्र बनत नाही. ते का बनत नाही, यासाठी आधी पदार्थविज्ञान नको, आवाज पुरेल. इथे गाणारे कोणी आहे का?

जवारी
शनिवार, सकाळी १०.२०

मी गाते आणि माझा तानपुरा मीच लावते, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

जोडाच्या दोन तारा एकमेकींशी मिळवताना आम्ही त्यांच्यातली लहर ऐकतो. स्वर अगदी थोडे वेगळे असतील तर आवाज हळूहळू मोठा-लहान होत राहतो. मिळत आले की ही लहर लांबत जाते आणि शेवटी नाहीशी होते. दोन तारांमध्ये सेकंदाला अर्ध्या कंपनाचा फरक असेल तर एक लहर पुरी व्हायला दोन सेकंद लागतात. तेवढा वेळ तार बोलू दिली नाही तर फरक आहे की नाही हे सांगताच येत नाही. नवी विद्यार्थिनी तार छेडून लगेच बोट ठेवते आणि 'लागला' म्हणते. लागलेला नसतो, तिने त्याला लागायला वेळच दिलेला नसतो. माझ्या गुरुजींचा यावरचा राग मला अजून ऐकू येतो.

उलट, तबल्यावर कडक 'ट' वाजला की तो कधी वाजला हे अगदी नेमके सांगता येते, पण त्याचा स्वर कोणता, असे विचारणेच चमत्कारिक वाटते. अपूर्णांक यांना हेच म्हणायचे आहे का?

निवृत्त_अभियंता
शनिवार, सकाळी ११.०२

जवारीताईंनी जे सांगितले ते आम्ही दूरसंचारात तीस वर्षे रोज वापरले. एक मायक्रोसेकंदाचा स्पंद पाठवायचा असेल तर त्याला साधारण एक मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा द्यावा लागतो. स्पंद आणखी आखूड केला तर पट्टा आणखी रुंद लागतो. आखूड स्पंद हा अनेक वारंवारता एकत्र मिसळूनच बनतो, त्यामुळे त्याची 'खरी' वारंवारता कुठेतरी दडून बसलेली आहे आणि आपले उपकरण ती शोधायला कमी पडते, असे आमच्यातले कोणी कधी म्हटले नाही. फूरियेचे, म्हणजे कोणतीही लहर साध्या लहरींच्या बेरजेत फोडण्याचे, गणित शिकलेल्या माणसाला यात गूढ काहीच वाटत नाही.

शंकासूर
शनिवार, दुपारी १२.३०

दोघांचेही म्हणणे पूर्ण मान्य. पण तानपुऱ्यात एच कुठे आहे? आवाज ही लहरच आहे, म्हणून तिला एका क्षणी स्वर नसतो. इलेक्ट्रॉनला तर आपण कण म्हणतो. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हे आठवीपासून पाठ आहे. त्याचा लहरींशी काय संबंध?

अपूर्णांक
शनिवार, दुपारी १.१०

सगळा प्रश्न याच ठिकाणी येऊन थांबतो. १९२४ साली द ब्रॉय याने मांडले की पदार्थाच्या कणालाही तरंगलांबी असते, आणि एच या स्थिरांकाला तरंगलांबीने भागले की संवेग मिळतो. १९२७ मध्ये डेव्हिसन आणि गर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावरून इलेक्ट्रॉन परावर्तित करून ती तरंगलांबी प्रत्यक्ष मोजली. हे एकदा मान्य केले की 'या बिंदूपाशी इलेक्ट्रॉनचा संवेग किती' हा प्रश्न आणि 'या टिचकीचा स्वर कोणता' हा प्रश्न यांत फरक राहत नाही. तरंगलांबी ठरायला लहरीला अनेक वळणे घेण्यापुरती जागा लागते, आणि तेवढी जागा दिली की स्थान पसरते. निसर्गाकडून आलेली गोष्ट एकच, ती म्हणजे संवेग आणि तरंगलांबी यांचे नाते. बाकीचे फूरियेचे गणित आहे.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. तिचा 'पाहिले नाही तर दोन्ही असतात ना' हा प्रश्न जवारीताईंच्या भाषेत असा होईल : 'ऐकले नाही, तर तबल्याच्या टिचकीला नेमका एकच स्वर असतो ना?'

स्लो_ट्रॅक
शनिवार, दुपारी १.२५

माझी जलद गाडी मी यार्डात नेऊन ठेवत आहे.

गॅलरीतला_खांब
शनिवार, रात्री १०.४५

दिवसभर धागा वाचत होतो. आम्ही गिरगावात चाळीत राहतो आणि आमची सामाईक गॅलरी बारा मीटर लांब आहे, हे तिचे वैशिष्ट्य आजवर पापड वाळवण्यापलीकडे कोणाच्या उपयोगी पडले नव्हते. आज रात्री दिवे मालवून तिथे प्रयोग केला.

दाढीचे पाते मधोमध मोडून दोन अर्धुके घेतली. ती एका पुठ्ठ्याच्या खिडकीवर धारा समोरासमोर येतील अशी चिकटवली, आणि मधे साध्या लिहिण्याच्या कागदाची कड उभी धरून फट ठेवली. हा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. कागद काढून घेतल्यावर राहिलेल्या फटीवर लाल लेसरचा दर्शक रोखला. तो चिमट्याने स्टुलावर बांधला होता, कारण हातात धरला तर ठिपका नाचतो. समोरच्या टोकाला भिंतीवर पांढरा कागद लावला होता. लेसरवर तरंगलांबी ६५० नॅनोमीटर लिहिलेली आहे.

उभ्या फटीतून गेलेला ठिपका भिंतीवर आडवा पसरला. मधला तेजस्वी पट्टा पट्टीने मोजला तो सुमारे १५ सेंटीमीटर भरला. दोन्ही बाजूंना त्याच्या साधारण निम्म्या रुंदीचे फिके पट्टे होते. मग कागदाऐवजी जाड पत्रिकेची कड वापरून फट रुंद केली, तर मधला पट्टा चार-पाच सेंटीमीटरवर आला. फट अरुंद केली की पट्टा रुंद, फट रुंद केली की पट्टा अरुंद. गणिताने आधीच ठाऊक होते, तरी प्रत्यक्ष पाहताना मन उलट्याचीच अपेक्षा करते, हे कबूल करतो. शेजारच्या काकूंनी दार उघडून विचारले, "फट बारीक केलीस ना, मग उजेड जास्त कसा पसरला?" मी म्हटले, काकू, हाच धागा चालू आहे.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी लेसर कोणाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवू नये, आणि पाते मोडताना ते कागदात गुंडाळून मोडावे.

शंकासूर
शनिवार, रात्री ११.२०

प्रयोगाबद्दल अभिनंदन. पण वादासाठी विचारतो : हे तर प्रकाशाच्या लहरींचे विवर्तन (फटीपाशी पसरणे) झाले. ते एकोणिसाव्या शतकातही ठाऊक होते. यात क्वांटम कुठे आहे?

अपूर्णांक
रविवार, सकाळी ९.००

लेसर एक मिलिवॉटचा असेल, तर त्यातून सेकंदाला सुमारे ३३ लाख अब्ज प्रकाशकण बाहेर पडतात, त्यामुळे वेगळेपणाने काही दिसत नाही. पण प्रकाश इतका मंद केला की एका वेळी एकच कण फटीतून जावा, तरी हाच पट्टा एकेका ठिपक्याने भरत जातो. जी. आय. टेलर याने १९०९ मध्येच अतिशय मंद प्रकाशात छायाचित्राची काच कित्येक आठवडे उघडी ठेवून अशा प्रकारचा प्रयोग केला होता. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले तरी त्यांचा आकृतिबंध तसाच ठिपक्याठिपक्याने उभा राहतो. १९८९ मध्ये जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी ते चित्रित करून दाखवले. फट म्हणजे 'आडव्या दिशेने तुझी जागा एवढ्यातच आहे' असे कणाला बजावणे, आणि भिंतीवरचा पसारा म्हणजे त्याच्या आडव्या संवेगाची दुसरी वही. गॅलरीतला_खांब यांनी लिहिलेला रुंदीचा आकडा याच हिशेबात बसतो.

एक काटेकोर सूचना. तीक्ष्ण कडांच्या फटीसाठी संवेगाचे प्रमाण विचलन गणिताने अनंत येते, कारण बाजूचे फिके पट्टे पुरेशा वेगाने क्षीण होत नाहीत. त्यामुळे इथे मधल्या पट्ट्याची रुंदी घ्यावी. केनार्डची असमानता जशीच्या तशी लावू नये. मौखिक परीक्षेत हे विचारायला मला आवडते.

जाड_भिंग
रविवार, सकाळी १०.१०

मौखिक परीक्षेवरून आठवले. १९२३ मध्ये म्युनिकला हायझेनबर्गच्या डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत विल्हेल्म वीन याने त्याला सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता (जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची ताकद) विचारली, आणि त्याला ती सांगता आली नाही. तो कसाबसा उत्तीर्ण झाला. चार वर्षांनी त्याने अनिश्चितता समजावण्यासाठी जो काल्पनिक प्रयोग निवडला, तो गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकाचाच, आणि त्यातही भिंगाच्या बाबतीत तो पुन्हा चुकला.

चूक अशी की, इलेक्ट्रॉनला झटका बसतो एवढेच कारण त्याने दिले होते. पदार्थशास्त्रज्ञ नील्स बोरने दाखवले की नुसता झटका पुरेसा नाही. प्रकाशकण कोणत्या दिशेने परतला हे ठाऊक असते, तर झटक्याचा हिशेब करून तो वजा करता आला असता. अडचण ही आहे की स्पष्ट प्रतिमेसाठी भिंगाचे तोंड रुंद हवे, आणि रुंद तोंडात कण कोणत्या कोनातून शिरला ते सांगता येत नाही. म्हणजे धक्क्याच्या गोष्टीतही अखेर लहरच कामाला येते. हायझेनबर्गने लेख छापताना शेवटी टीप जोडून हे मान्य केले. तेव्हा क्लासच्या सरांनी केलेली चूक निदान थोर माणसाची चूक आहे.

शब्दांविषयीही एक मुद्दा मांडतो. जर्मनमध्ये यासाठी एकाहून अधिक शब्द वापरले गेले : 'उनगेनाउइगकाइट' म्हणजे अचूकतेचा अभाव, आणि 'उनबेश्टिम्टहाइट' म्हणजे ठरलेले नसणे. इंग्रजीत 'अनसर्टन्टी' रुळला आणि आपण त्यावरून 'अनिश्चितता' केले. पावसाचे अनिश्चित आहे असे म्हणतो, तेव्हा तो येणार की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, असा अर्थ होतो. 'अनिर्धारितता' म्हटले असते तर दहिसरकरांच्या मुलीचा अर्धा प्रश्न उद्भवलाच नसता.

जवारी
रविवार, सकाळी १०.४०

'अनिर्धारितता' अकरावीच्या मुलाला उच्चारता येईल का, याबद्दल मात्र पूर्ण अनिश्चितता आहे.

मीमांसक
रविवार, दुपारी ३.३०

धागा एकमताकडे झुकतो आहे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. अपूर्णांक यांच्या दोन वह्यांशी माझे भांडण नाही. तो प्रयोगाने तपासलेला भाग आहे. पण 'मुळात नसतेच' हे विधान त्या वह्यांतून आपोआप निघत नाही. १९५२ मध्ये डेव्हिड बोम याने द ब्रॉयची जुनी कल्पना पुन्हा उभी केली. तिच्यात प्रत्येक कणाला सदासर्वदा निश्चित स्थान असते, लहर त्याला वाट दाखवते, आणि प्रयोगांची उत्तरे नेहमीच्या सिद्धान्तासारखीच येतात. त्या चित्रात अनिश्चितता म्हणजे खरोखर आपले अज्ञान, फक्त निसर्गाने कधीही दूर होऊ न दिलेले अज्ञान. त्याची किंमतही मोठी आहे : दूरच्या कणांचा परस्परांवर तत्काळ प्रभाव मानावा लागतो. १९६४ मधील बेलच्या प्रमेयानंतर आणि ज्या प्रयोगांसाठी आस्पे, क्लाउझर व त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले त्यांच्यानंतर, असे कोणतेही चित्र ती किंमत टाळू शकत नाही, हे स्पष्ट झाले आहे. तरीही चित्र जिवंत आहे. मुलीला 'तू चुकलीस' म्हणण्याऐवजी 'तुझ्या बाजूला बोम आहे, पण त्याचे भाडे जबर आहे' असे सांगावे.

अपूर्णांक
रविवार, सायंकाळी ५.००

मीमांसक, आक्षेप मान्य. माझे तबल्याचे वाक्य बोमच्या माणसाला पटणार नाही, हे खरे. तरी एक गोष्ट लक्षात आणून देते : बोमच्या चित्रातही ज्याला आपण मोजलेला संवेग म्हणतो, तो मोजण्यापूर्वी कणाजवळ तसाच असतो असे नाही. दोन्ही राशी आधीपासून खिशात ठेवल्याप्रमाणे आहेत, हा मुलीचा साधा अर्थ तिथेही पुरता टिकत नाही.

धक्क्याबद्दलही न्याय करते. पाहण्याने होणारी ढवळाढवळ हा वेगळा आणि खरा विषय आहे. मोजमापातील चूक आणि त्याने होणारी ढवळाढवळ यांसाठी ओझावा यांनी २००३ मध्ये निराळी असमानता दिली, आणि २०१२ मध्ये व्हिएन्नात न्यूट्रॉनवर व टोरांटोत प्रकाशकणांवर तिची तपासणी झाली. हायझेनबर्गच्या साध्या गुणाकाराच्या मर्यादेखाली त्या अर्थाने जाता येते, असे दिसले. पुढच्याच वर्षी बुश, लाहटी आणि वेर्नर यांनी 'चूक' आणि 'ढवळाढवळ' यांच्या वेगळ्या व्याख्या घेऊन जुनी मर्यादा पुन्हा सिद्ध केली. कोणती व्याख्या योग्य, यावर वाद झाला. केनार्डच्या सूत्राला त्या वादाचा स्पर्शही झालेला नाही.

रविवारची_भाजी
रविवार, सायंकाळी ५.४०

मागच्या वर्षी दादरच्या एका सभागृहात 'क्वांटम विचारशक्ती' नावाच्या शिबिराला दोन हजार रुपये भरून गेले होते. तिथे सांगितले की सगळे अनिश्चित असल्यामुळे मनापासून पाहिले की हवे ते घडते. दोन वह्यांच्या सूत्रात 'मनापासून' कुठे बसते, हे विचारायला मला तेव्हा सुचले नाही, आणि दोन हजार मात्र निश्चित गेले.

निवृत्त_अभियंता
रविवार, रात्री ८.१५

अनिश्चितता ही फक्त 'कळत नाही' अशी तक्रार असती, तर तिचे भौतिक परिणाम दिसले नसते. दोन उदाहरणे देतो.

हीलियम साध्या वातावरणीय दाबाखाली कितीही थंड केला तरी गोठत नाही. घनरूप व्हायला त्याला सुमारे २५ वातावरणांचा दाब लागतो. हलका अणू एका जागी डांबला की संवेगाचा पसारा वाढतो, त्याची थरथर निरपेक्ष शून्यापाशीही थांबत नाही, आणि अणूंमधले क्षीण आकर्षण त्या थरथरीला पुरे पडत नाही. अज्ञानामुळे एखादा द्रव गोठायचा राहत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या राज्याशी संबंधित आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार किलोमीटर लांबीच्या बाहूंतून परतणाऱ्या लेसरमध्ये प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान बदल टिपायचा असतो, आणि तिथे प्रकाशाचीच अनिश्चितता आडवी येते. अमेरिकेतल्या लायगोत २०१९ पासून 'पिळलेला' प्रकाश वापरतात. प्रकाशाच्या दोन जोडीच्या राशींपैकी जी उपयोगाची तिचा पसारा आवळायचा, आणि जिची त्या क्षणी गरज नाही तिचा फुगू द्यायचा. गुणाकाराची मर्यादा मोडत नाही, पण ओझे कोणत्या खांद्यावर ठेवायचे ते आपण ठरवतो.

दहिसरकर
मंगळवार, रात्री ९.५०

सर्वांचा ऋणी आहे. धागा मुलीला वाचायला दिला. दोन वह्यांपाशी ती थांबली, आणि मग हिशेब करत बसली. शिवाजी पार्कवरच्या १६० ग्रॅमच्या चेंडूची जागा एक मायक्रोमीटरपर्यंत ठाऊक असेल, तर त्याच्या वेगातली किमान अनिश्चितता सेकंदाला मीटरच्या ३.३ गुणिले १० चा उणे २८ वा घात इतकी येते. विश्वाच्या १३८० कोटी वर्षांच्या वयात तेवढ्याने चेंडू साधारण एका अणूच्या रुंदीइतका सरकेल. इलेक्ट्रॉन अणूएवढ्या जागेत कोंडला तर मात्र वेगाचा पसारा सेकंदाला सुमारे ५८० किलोमीटर येतो, म्हणजे एका सेकंदात मुंबई-पुण्याच्या जवळजवळ चार खेपा. ती म्हणाली, "म्हणून पंचाला हे तत्त्व शिकवत नाहीत." आकडे कोणी तपासून द्यावेत.

परीक्षेचा प्रश्न तसाच राहिला आहे.

अपूर्णांक
मंगळवार, रात्री १०.३०

आकडे बरोबर आहेत. परीक्षेसाठी सूत्र लिहावे आणि पुढे एक वाक्य : 'ही मर्यादा उपकरणातील दोषामुळे नसून कणाच्या तरंगस्वरूपामुळे आहे.' यावर कोणी गुण कापू शकणार नाही. इतर कुठे एच-बार (एच भागिले दोन पाय) भागिले दोन लिहिलेले दिसले तर घाबरू नये, ते तेच आहे.

स्लो_ट्रॅक
मंगळवार, रात्री १०.३४

तपासणीसाच्या नमुना उत्तरात धक्का असेल तर? दोन गुण आहेत, एक धक्क्याला आणि एक लहरीला असे वाटून लिहावे.

अपूर्णांक
मंगळवार, रात्री १०.४१

तेही हायझेनबर्गने केलेच होते.

दहिसरकर
रविवार, रात्री ९.०५

गॅलरीतला_खांब यांच्यासाठी एक वार्ता. आमच्या सदनिकेत बारा मीटर कुठले, स्वयंपाकघराच्या ओट्यापासून बाहेरच्या खोलीच्या भिंतीपर्यंत तीन मीटर भरतात. पात्यांना तिच्या आईने परवानगी दिली नाही, म्हणून फटीऐवजी मुलीने स्वतःचा केस ताणून पुठ्ठ्यावर चिकटवला. केसानेही तशाच पट्ट्या उमटतात, हे तिने कुठेतरी वाचले होते. मधल्यापासून पहिल्या काळ्या जागेपर्यंतचे अंतर २.८ सेंटीमीटर आले, आणि त्यावरून केसाची जाडी सुमारे ७० मायक्रोमीटर निघाली. मग आजीचा पांढरा केस लावला, तर तेच अंतर ३.५ सेंटीमीटर आले. पट्टी रुंदावली म्हणजे आपला केस नातीपेक्षा जाड ठरला, असे समजून आई खूश झाली. तिला उलटे समजावण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

गॅलरीतला_खांब
रविवार, रात्री ९.२०

समजावू नका. आमच्या काकूंचा केस उद्या लावून पाहतो.